न्या की, तुमचीच आहे

नाही नाही, सातच. सातच सोंगट्या घ्यायच्या, अक्का — ती आठवी पिशवीत परत टाका, आणि कुठली आहे ते न बघता टाका, बघून टाकली की प्रज्ञा म्हणते रडीचा डाव, आणि मग तिची समजूत काढता काढता माझा भात खाली लागतो. — हं, आता ह्या लाकडी पट्टीवर ओळीने उभ्या करा, तोंड तुमच्याकडे. मला दिसता कामा नयेत. मी मुद्दाम बघणार नाही, पण दिसल्या तर बघते, खोटं कशाला बोलू. गंमतच आहे नाही, शब्दांचा खेळ आणला तुम्ही, दिवाळीत, नगरहून एसटीत मांडीवर घेऊन, आणि शिकवतेय मी तुम्हाला. थोरल्या जावेला काही शिकवायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं कधी. — नाही, इतक्यात नाही यायचे ते. बुटांच्या दुकानात मोठे भाऊजी एक, हे दुसरे आणि सासूबाई तिसऱ्या, म्हणजे तिघांची तीन मतं, आणि पायात घालणारी प्रज्ञा चौथी. नव्या शाळेला काळेच लागतात एवढं मी सांगून ठेवलंय, बाकी त्यांचं ते बघतील. स्वयंपाक झालाय, तिची बॅग भरून झालीय, चारच्या नगर गाडीला अजून पुष्कळ वेळ आहे. तेवढ्यात तुम्ही शिकून घ्या. कारण आता रोज दिवेलागणीला ती हा पट काढून तुमच्यासमोर बसणार, माझ्यासमोर नाही, आणि तेव्हा तुम्ही ‘मला नाही येत गं’ म्हणालात तर — तर काही नाही, टीव्ही बघेल. पण येत असलेलं बरं.

तर हा पट. चौकोन चौकोन, मधे चांदणी. पहिला शब्द चांदणीवरूनच गेला पाहिजे, आडवा नाहीतर उभा, तिरका नाही. पुढच्याने त्यातलंच एखादं अक्षर धरून आपला शब्द जोडायचा, कोपऱ्यात कुठेतरी सुटा मांडायचा नाही. सोपं आहे. मला समजायला चार दिवस लागले ती गोष्ट वेगळी. आत नियमांचा कागद होता, सगळा इंग्रजीत, आणि बी.ए. झालेली सून म्हणून सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. आता बी.ए. मराठी घेऊन केलंय, इंग्रजीत बारावीला काठावर सुटलेय, हे काय दरवेळी सांगत बसायचं? डिक्शनरी घेतली मांडीवर आणि बसले. कागद समजला तर पुढे आणखी घोटाळा. खेळ इंग्रजी शब्दांचा, प्रज्ञाला येतं कॅट आणि रॅट, मला त्याच्या वर चार, आणि सासूबाई तर ‘मलाबी सात दे’ म्हणून मांडी ठोकून बसलेल्या. त्यांना कसं उठवणार? मग घरचा कायदा केला. अक्षरं इंग्रजी, शब्द मराठी. भाकर लिहा, डोंगर लिहा, वाचून कळलं की झालं. हे म्हणाले, लोक हसतील. म्हणलं, लोक कुठे येतायत आपल्या घरात डाव बघायला. सासूबाईंनी तर अक्षरं आकारावरूनच धरलीत — एस म्हणजे साप, ओ म्हणजे बांगडी, एच म्हणजे शिडी. एम आणि डब्ल्यू त्यांच्या लेखी एकच, पालथं घातलं की दुसरं. आम्ही चालवून घेतो. तुम्हीही चालवून घ्या — म्हणजे, सासूबाई कुठे असणार तिकडे. मी आपली सवयीने बोलले.

आता मार्क. प्रत्येक सोंगटीवर खाली बारीक आकडा आहे ना, ते तिचे मार्क. इंग्रजीवाल्यांनी त्यांच्या सोयीने दिलेत — के ला पाच, जे ला आठ, झेडला दहा, कारण त्यांना ती अक्षरं लागतात कुठे एवढी. आपल्याकडे बघा, काका, काकू, काकडी, जाऊ, जावई, झाड, झुणका — नुसती लूट आहे. झुणका लावला होता एकदा प्रज्ञाने, तर दोन दिवस आळीत सांगत हिंडत होती, आणि बाया मला विचारायला लागल्या, आज काय झुणक्याचा बेत होता का. एक्स कुठे खपत नाही, पण लक्ष्मणात खपतो. क्यू तेवढा नुसता पडून राहतो, आमच्या मोरीतल्या गंजलेल्या बादलीसारखा, टाकवतही नाही. आणि ‘ए’ पुरत नाहीत. बोलताना कळत नाही, पण आपलं मराठी इंग्रजी अक्षरांत मांडायला घेतलं की शब्दाशब्दाला ए खातं. निम्म्या डावातच संपतात, मग सगळे एकमेकांची तोंडं बघत बसतात. त्यात एक हरवलाय. हे शर्टाचं बटण दिसतंय ना, बॉलपेनने लिहिलेलं — तो आमचा ए. पिशवीत हात घातला की बोटांना कळतं, म्हणून प्रज्ञा बराच वेळ आत चाचपत बसते. तिला म्हणायचं, चाचपायचं नाही, हाताला पहिलं लागेल ते घे. म्हणायचं म्हणजे आता तुम्ही म्हणायचं. ऐकते ती. जरा डोळे मोठे केले की ऐकते.

— लावा की. विचार काय एवढा. पाणी? वा. पी, ए, एन, आय. तीन आणि एक एक एक, सहा, आणि चांदणीवरून गेला म्हणून दुप्पट, बारा. मला पहिल्यांदा चार मिळाले होते. आता पिशवीतून चार उचला, पट्टीवर परत सात झाल्या पाहिजेत. — पाणी उकळूनच देता ना तुम्ही? बघा, नर्सला विचारतेय. सरकारी दवाखान्यात वॉर्डच्या वॉर्ड सांभाळता, आणि मी शेवगावात बसून तुम्हाला पाणी उकळायला शिकवतेय. पण तरी एक सांगते, झोपेत दात खाते ती, उठवायचं नाही, नुसतं कुशीवर वळवायचं. ताप यायचा असला की आधी पाय गार पडतात, तेव्हा निजल्यावर पायाला हात लावून बघायचा. रोज नाही, अधूनमधून. मी रोज बघते, पण मी वेडी आहे. दुधावर साय दिसली की पीत नाही, गाळून द्यायचं आणि गाळलं असं सांगायचं नाही. आणि शाळेतून आल्यावर काय झालं ते विचारलं तर ‘काही नाही’ म्हणते, मग थोड्या वेळाने खेळता खेळता आपोआप सगळं सांगते. म्हणून तर हा पट — पटावर डोळे असले की ती बोलते. समोरासमोर बसवलं की नाही बोलत. हे म्हणतात, तू एक पाटी लिही आणि तिच्या गळ्यात अडकव, सावकाश हाताळा, आत काच आहे. हसतात हे. त्यांना काय, हसू येतं.

माझा बघा — तुमच्या पाण्यातला ए धरला, वर के, खाली के, डी, आय. काकडी. चौदा. घ्या, आता तुमची पाळी. सावकाश, घाई नाही.

मे महिन्यात तुमच्याकडे राहून आली ना, तेव्हा वळण एकदम. न सांगता हातपाय धुतले, ताट स्वतः उचललं, आणि संध्याकाळी पट मांडून मला म्हणते, ‘आई, तुम्ही पहिल्या खेळा.’ तुम्ही. मी मागे वळून बघितलं, दारात कोण आलंय म्हणून. आता चांगलंच आहे ना ते? मी शिकलेली बाई, मोठ्यांशी अहो-जाहो बोलावं हे खरं तर मीच शिकवायला हवं होतं, ते तुम्ही महिन्यात शिकवलंत. हे तर इतके खूश. ह्यांच्या घरातली पद्धतच आहे, हे आणि मोठे भाऊजी दोघंही सासूबाईंना तुम्हीच म्हणतात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला केवढं कौतुक वाटलं होतं त्याचं. तर परवा मी ते बोलून दाखवलं. सासूबाई सोंगट्या पालथ्या घालत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, ‘बोर्डिंगातनं पयल्या दिवाळीला आले दोघं, तवापासनं तुमी म्हनाय लागले. त्याच्या आदी तू म्हनायचे.’ एवढंच बोलल्या, आणि साप शोधायला लागल्या. मी म्हणलं, आत्या, पण बोर्डिंगात राहिले म्हणून शिकले, म्हणून हे दिवस आले. तर म्हणतात, ‘व्हय, शाळंला न्हाई म्हनायचंच न्हाई, आपल्यात तर न्हाईच न्हाई. पर आमी कोयता घिऊन राहात्याकडं ऊस तोडाया जायचो. पाचटाच्या कोपीत पोरं कुठं ठिवायची, म्हनून बोर्डिंग. तू कुठं निगालीस कोयता घिऊन?’ मी माझी पाळी सोडून दिली.

— हो, तो नियम सांगायचा राहिलाच. काही सुचलंच नाही तर पाळी सोडता येते, नकोशी अक्षरं पिशवीत टाकून नवी घेता येतात. मार्क मिळत नाहीत, पण हात मोकळा होतो. — ते ‘तुम्ही’ होय? छे, दोनच दिवस टिकलं. तिसऱ्या दिवशी तिला झेड लावायचा होता तिथे मी मुद्दाम माझा शब्द आडवा घातला, तर पट्टीच आपटली तिने. ‘तू रडी आहेस आई, तू रोज रडी खेळतेस.’ मी उठले आणि गुळाचा खडा आणून दिला तिच्या हातात. कशाबद्दल ते तिला कळलं नाही. मलाही विचारू नका.

बरं, शेवटचा नियम, आणि सगळी भांडणं ह्याच्यावरून होतात. समोरच्याने शब्द लावला आणि तुम्हाला वाटलं की असा शब्दच नाही, तर तिथल्या तिथे ‘हरकत’ म्हणायचं. आमचा शब्द आहे हा, ह्यांच्या तहसील कचेरीतला. हरकत घ्यायची ती लगेच. पुढच्याने आपली अक्षरं मांडली की मुदत संपली, मग चुकीचा असला तरी तो शब्द पटावर राहतो, आणि त्याच्यावर दुसरे चढत जातात. सासूबाईंनी एकदा असंच काहीतरी लावलं, कोणत्या भाषेतलं ते अजून कळलेलं नाही, आणि ते धरून आम्ही अख्खा डाव खेळलो. हरकत घेणार कोण? मी तर घेतच नाही कुणावर. प्रज्ञा म्हणते, आई, तू सगळ्यांना हो म्हणतेस. आहेच मी भिडस्त, काय करणार. लहानपणापासून. मला दुकानदाराने कापड उलगडून दाखवलं तर मी ते घेऊनच येते. परवा ती भांडीवाली बोहारीण आली होती, बायडाबाई, जुन्या साड्या घेऊन गेली तीच. प्रज्ञा दारात बसलेली. तर म्हणते, ‘पोरगी लई गोड हाय बाई तुमची, निऊ का?’ म्हणलं, ने की, तुझीच आहे, दोन पातेली ठेव आणि ने. हसलो दोघी. असं म्हणायचंच असतं ना. कुणी लेकराला गोड म्हणालं, नेऊ का म्हणालं, की आपण न्या की, तुमचीच आहे म्हणतो. गॅसवाल्याला म्हणालेय मी, एसटीत शेजारी बसलेल्या म्हातारीला म्हणालेय, इन्शुरन्सवाल्या भाऊंना म्हणालेय. कुणी काय खरंच नेतं का —

लावा ना, अक्का. तुमची पाळी आहे. के आहे तुमच्याकडे, मघाशी दिसला मला, तो इथे —

नाही. नाही अक्का, तसं नाही. तुमची गोष्ट वेगळी. बोहारणीला म्हणणं वेगळं आणि तुम्हाला म्हणणं वेगळं, तुम्ही घरच्या. मी आपलं ते — उदाहरण म्हणून. मला सोंगट्यांचं बोलायचं होतं, कुठल्या कुठे गेले. दिवाळीत तुम्ही ह्याच ओट्याशी बसून तिची वेणी घालत होता, म्हणालात, ‘ही मला दे गं, कॉन्व्हेंटात घालते.’ आणि मी करंज्या तळत होते. तेल तापलेलं, वळून बघितलंही नाही मी, म्हणाले — हो, तेच म्हणाले. तेच शब्द. तुम्हाला आठवतायत तसेच.

तुम्ही खरं धरलंत. धरणारच, त्यात तुमचं काय चुकलं. मला वाटलं, बोलण्यातलं बोलणं, करंज्यांबरोबर संपलं. आणि आठवड्याने शेजाऱ्यांच्या फोनवर मोठ्या भाऊजींचा निरोप, शाळेत बोलून आलोय म्हणून. मी पदराला हात पुसत उभी. घरात सगळ्यांना आनंद. हे म्हणाले, जयमालाचं मन मोठं. आता एवढं मोठं मन झाल्यावर ते लहान कसं करायचं, सांगा. आणि मला वाटलं, तुमचं इतकं मनात आहे, तुम्हाला — म्हणजे तुमच्या घरात लेकरू नाही, त्यात मी नाही म्हणाले तर कसं दिसेल. आणि शाळेला नाही म्हणायचं. ह्या घरात. मी, बी.ए. झालेली.

काय? — नाही, रागाने विचारत नाही तुम्ही, कळतंय मला. ‘तेव्हाच का नाही बोललीस?’ तेच तर मी स्वतःला विचारते. तुम्ही रात्रपाळ्या बदलून घेतल्यात, खिडकीशी पलंग घातलात, फुलाफुलांचा पडदा शिवलात. सगळं सांगितलंय तिने मला. तिथे पहिल्या रात्री ती झोपली असं समजून तुम्ही किती तरी वेळ दाराशी उभ्या होता. ती जागी होती, अक्का. डोळे मिटून पडली होती, तुम्हाला बघत. मला म्हणाली, मोठी आई उभीच होती. मग मी कशी बोलणार? त्या दिवसापासून तर तोंडच उघडेना माझं. आणि आता बघा, डोळ्यांना पाणी आलं तुमच्या. नाही नाही, न्या तुम्ही, मी आपली अशीच बडबडते, काही मनावर घेऊ नका, न्या —

बघा. पुन्हा म्हणाले. आपोआप येतं तोंडातून, शिंक यावी तसं. थांबा जरा.

इथली शाळा काय वाईट नाही. तुमच्या कॉन्व्हेंटाइतकी नाही, हेही खरं, मी उगाच काही सांगणार नाही. उद्या मोठी होऊन म्हणेल, आई, तू माझं नुकसान केलंस. म्हणेलही. ‘तू’ म्हणेल ना पण. सुट्टी लागली की तुमच्याकडे पाठवीन, दिवाळीची, मेची, सगळी सुट्टी, ती पडद्याची खोली तिचीच राहू दे — आणि हे भिडेने नाही म्हणत, हे मोजूनमापून म्हणतेय. सासूबाई बोलतील मला, आधीच का नाही सांगितलंस म्हणून, हे तर महिनाभर गप्प बसतील, मोठ्या भाऊजींना शाळेत जाऊन तोंड दाखवावं लागेल. बोलू देत. मी ऐकून घेईन, ऐकून घेणं मला चांगलं जमतं.

काय म्हणालात? थोडक्यात सांगू?

नका नेऊ, अक्का.

— त्यांचे आवाज येतायत कोपऱ्यावरून. सासूबाईंना चालायला वेळ लागतो, अजून दोन मिनिटं आहेत. मघापासून मीच बोलतेय. आता मी गप्प बसते. तुम्ही बोला.